केसपेपरवर न लिहिलेलं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आरोग्याच्या समाजशास्त्रावर माझी छोटी मुलाखत आली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. जागेसाठी मजकूर थोडा कापला, राग कुठेही कापलेला नाही.

माझी भाची पुण्याला एका सरकारी रुग्णालयात ‘संशोधन’ करते. ती डॉक्टर नाही, नर्स नाही. दिवसभर बाकावर बसते आणि वहीत लिहिते. घरात कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. समाजसेवा अधीक्षक असतात, तसलंच काही का?
— निवृत्त शिक्षक, सांगोला

तसलं नाही, गुरुजी. समाजसेवा अधीक्षक रुग्णाच्या उपयोगी पडतात: योजनेचे कागद करून देतात, रक्ताची सोय बघतात, बेवारस म्हाताऱ्याचं घर शोधून काढतात. तुमची भाची यातलं काही करत नसणार. ती बघते. ऐकायला हे फार कामाचं वाटत नाही, मला ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत वाटलं नाही.

काय बघते, ते सांगते. डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय?’ प्रश्न बाईला असतो, उत्तर नवरा देतो. केसपेपरवर नवऱ्याचं उत्तर उतरतं. तीच बाई बाहेर आल्यावर पाणी भरणाऱ्या मावशींना वेगळंच काही सांगते, आणि ते कुठल्याच कागदावर जात नाही. आमचं बरंचसं काम या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत चालतं.

एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. ज्यूलियस रॉथ नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्वतः क्षयाचे रुग्ण म्हणून सॅनेटोरियममध्ये राहिले होते. पडल्या पडल्या त्यांनी एक गोष्ट टिपायला घेतली: मास्क, टोपी आणि गाऊन कोण घालतं? जंतू तर सगळ्यांना सारखेच. पण डॉक्टर सगळ्यांत कमी घालत, नर्सेस त्यांच्यापेक्षा जास्त, आणि खालच्या पायरीवरचे मदतनीस सगळ्यांत जास्त. शिवाय हेच कर्मचारी कामासाठी खोलीत गेले की मास्क लावत आणि गप्पा मारायला गेले की काढून ठेवत. हा लेख १९५७ साली छापला गेला. संसर्गापासूनचं ‘शास्त्रीय’ संरक्षण प्रत्यक्षात हुद्द्याप्रमाणे कसं वाटलं जातं, हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं नसतं. कोविडच्या काळात ज्यांनी रुग्णालयं जवळून पाहिली, त्यांना हे वाचून हसू येईल. किंवा येणार नाही.

त्याच वर्षी रॉबर्ट स्ट्राउस यांनी या कामाचे दोन प्रकार सांगितले. एकात समाजशास्त्रज्ञ डॉक्टरांच्या प्रश्नांवर काम करतो, उदाहरणार्थ लोक लस का घेत नाहीत. दुसऱ्यात तो डॉक्टर, रुग्णालय आणि औषधांचा व्यवहार यांनाच अभ्यासाचा विषय करतो. पहिल्या प्रकारच्या माणसाला रुग्णालयात चहा मिळतो. तुमची भाची कुठल्या प्रकारात मोडते, ते तिला चहा मिळतो का यावरून ठरवा.

मी नंदुरबार जिल्ह्यात क्षयरोगाच्या कामात आहे. औषध फुकट आहे, पोषणासाठी दरमहा पैसेही मिळतात. तरी लोक दोन महिने गोळ्या खातात आणि सोडतात. मग आम्हालाच वरून झापतात. आता याला अडाणीपणा म्हणायचं नाही तर काय?
— आरोग्य कर्मचारी

तुम्हाला झापणाऱ्यांनी तुमकूरचा अभ्यास वाचलेला नसणार.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था नुकतीच सुरू झाली होती. मद्रासच्या प्रयोगाने दाखवलं होतं की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. म्हणजे औषध होतं, पद्धत होती. प्रश्न राहिला लोकांचा. तेव्हाची सर्वमान्य समजूत अशी, की खेड्यातला माणूस खोकला अंगावर काढतो, त्याला देवर्षी हवा असतो, आपणच घरोघर जाऊन त्याला शोधायला हवं. संस्थेतले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या क्षयरुग्णांना जाऊन विचारलं. बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. बऱ्याच जणांना काळजीही वाटत होती. आणि निम्म्याच्या आसपास लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते! तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी कोणी तपासलीच नाही.

हा लेख १९६३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. रुग्ण व्यवस्थेपर्यंत पोचला होता, व्यवस्थेने त्याला ओळखलं नव्हतं. क्षयरोगाचं काम वेगळ्या फिरत्या पथकांवर न सोडता साध्या सरकारी दवाखान्यांत आणायचं, या धोरणाला त्यातून बळ मिळालं. बॅनर्जी पुढे जेएनयूत गेले आणि त्यांनी सामाजिक वैद्यकाचं केंद्र उभं केलं. ते स्वतः डॉक्टर होते, हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाटेल की हा सगळा डॉक्टरांविरुद्धचा कट आहे.

आता तुमच्या दोन महिन्यांकडे येऊ. दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, तो त्या दिवशी कामावर जाणार. तुमच्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमचं रजिस्टर काढा आणि ज्यांनी औषध सोडलं त्यांच्या नावापुढे महिना लिहा. फक्त महिना. मग अडाणीपणाला हंगाम असतो का, ते बघा.

आणखी एक. २०२४ च्या सुरुवातीला देशभर क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला. राज्यांनी स्थानिक पातळीवर खरेदी करावी, असं केंद्राला कळवावं लागलं. रुग्ण रिकाम्या हाताने परत गेले. त्या काळात मोडलेल्या कोर्सपुढे शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंत? रजिस्टरमध्ये ‘रुग्णाने औषध बंद केले’ असा रकाना असतो, ‘आम्ही दिले नाही’ असा नसतो. मी तुमच्यावर राग काढत नाहीये. रकाने तुम्ही आखलेले नाहीत.

मी ऊसतोडीला जाते. वय ३४. आमच्या टोळीतल्या चार जणींची पिशवी काढलेली आहे. मला दोन वर्षं अंगावरून जातंय, ओटीपोटात दुखतंय, डॉक्टर म्हणतात काढून टाका. तुमच्यासारखे लोक पेपरात म्हणतात की आम्हाला फसवलं. मला कोणी फसवलं नाही, मीच म्हणाले काढा. यात काय चुकलं?
— बीड जिल्ह्यातून (पत्र मुलीने लिहून दिलं आहे)

ताई, तुम्ही काहीच चुकीचं बोललेल्या नाही. आधी कामाचं बोलू. मी डॉक्टर नाही. पण अजून ऑपरेशन झालं नसेल तर आधी सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि सोनोग्राफी करा. अंगावरून जाणं बऱ्याचदा संसर्गामुळे असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ असं कोणी म्हणालं, तर कोणत्या तपासणीवरून म्हणता, ते विचारा आणि तो कागद मागा. मुलीला बरोबर न्या, ती चांगलं लिहिते.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही ‘मीच म्हणाले’ म्हणता, ते मला पूर्ण मान्य आहे. फसवणुकीची गोष्ट वर्तमानपत्राला सोपी जाते, कारण तिच्यात एक खलनायक असतो. तसे डॉक्टर आहेतही. पण तुमच्यासारखी शहाणी बाई स्वतःहून ‘काढा’ म्हणते, तेव्हा मी डॉक्टरच्या खोलीबाहेरही बघते.

नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे दंड, तो मुकादम उचलीतून वळता करणार. कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीपाशी, ना न्हाणी ना संडास, पाणी लांबून आणायचं. पाळीच्या दिवसांतही पहाटे फडात जायचं आणि मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायच्या. त्यातून संसर्ग होतो, उपचाराला जायचं तर पुन्हा खाडा. अशा हिशेबात ‘एकदाचं काढून टाकलं की कटकट गेली’ हे उत्तर वेडेपणाचं नाही. हिशेब बरोबर आहे, पण तो तुमच्या शरीरातून वळता होतो. कमी वयात पिशवी, आणि तिच्याबरोबर अंडाशय गेले, तर हाडं आणि हृदय यांचा त्रास पुढे येतो. तेव्हा मुकादम नसतो.

१९५१ साली टॅल्कट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मांडलं की आजारी माणसाला समाज काही सवलती देतो: कामातून सुट्टी मिळते, आजाराचा दोष त्याच्या माथी मारला जात नाही, आणि बदल्यात त्याने डॉक्टरकडे जाऊन बरं होण्याची धडपड करायची. पुस्तकात हे सुबक दिसतं. खाड्याच्या पद्धतीत मात्र आजारी पडायला दंड आहे. सवलत एकही नाही, धडपड तेवढी तुमच्याकडे.

सगळ्या वाचकांसाठी आकडे देते. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहांत एक. देशाच्या पातळीवर १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. बीडमध्ये खासगी रुग्णालयात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. चांगलं झालं. पण परवानगी ऑपरेशनला लागते, खाडा लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि हे दुखणं नवं नाही. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं, तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी आरोग्यसेवेला खेड्यातली बाई दिसायची ती बाळंतपणात आणि नसबंदीच्या कॅम्पात. मधल्या सगळ्या वर्षांत तिला शरीर असतं, हे कोणाच्या आराखड्यातच नव्हतं.

आईला (वय ७१) कॅन्सर आहे. आम्ही तिला ‘आतड्याला सूज आहे’ म्हणून सांगितलंय. डॉक्टरांनाही तसंच सांगायला लावलं. मोठा भाऊ म्हणतो, आपल्याकडे असं सांगत नाहीत, ती खचेल. पण परवा ती म्हणाली, ‘माझ्या पाटल्या मोठीला दे, धाकटीला मोहनमाळ.’ मला झोप नाही. तुमच्या शास्त्रात याला काही उत्तर आहे का?
— नाशिक

तुमच्या आईला माहीत आहे, असं मला वाटतं. सूज आलेली बाई दागिन्यांची वाटणी करत नाही.

बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस या दोन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत, मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांच्या खाटांभोवती बराच काळ घालवला. (हे स्ट्राउस वेगळे, वरच्या उत्तरातले नव्हेत.) १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. कोणाला काय माहीत आहे, यावरून त्यांनी चार अवस्था सांगितल्या. पहिलीत सगळ्यांना माहीत असतं, फक्त रुग्णाला नाही. दुसरीत रुग्णाला संशय येतो आणि तो खडे टाकून बघतो. तिसरीत दोघांनाही ठाऊक असतं, आणि दोघंही माहीत नसल्याचं सोंग एकमेकांसाठी वठवत राहतात. चौथीत उघड बोलणं होतं. पहिली अवस्था फार टिकत नाही, असं त्यांना दिसलं. टिकणार तरी कशी? केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्याच दिवशी विचारते, ‘तुमचा कुठला?’ सोंगाचा सगळ्यांत जास्त भार नर्सेसवर पडतो, कारण डॉक्टर पाच मिनिटांत निघून जातात आणि रात्री दोन वाजता ‘सिस्टर, मी बरी होणार ना?’ हा प्रश्न त्यांना येतो.

पाटल्या म्हणजे खडा टाकून पाहणं होतं, किंवा त्याच्याही पुढचं. तुमचं घर तिसऱ्या अवस्थेत आहे.

भावाचं ‘आपल्याकडे असं सांगत नाहीत’ मी बऱ्याच घरांत ऐकलं आहे. पण अमेरिकेतही सांगत नव्हते! १९६१ साली शिकागोतल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा सुमारे ९० टक्के म्हणाले, आम्ही शक्यतो रुग्णाला कॅन्सर सांगत नाही. कारणंही तीच, तुमच्या भावाची: खचेल, आशा सोडेल. १९७९ मध्ये दुसऱ्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना तेच विचारलं, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. १८ वर्षांत तिथली माणसं मनाने कणखर झाली नव्हती. उपचार सुधारले, रुग्णाची संमती घेण्याबाबत न्यायालयं कडक झाली, रुग्ण प्रश्न विचारू लागले. ज्याला आपण संस्कृती म्हणून हात जोडतो, त्यात बरंचसं त्या त्या वेळच्या दवाखान्याचं वागणं असतं.

म्हणून उद्या जाऊन रिपोर्ट वाचून दाखवा, असं मी म्हणत नाही. तिला नको असेल तर तो तिचा हक्क आहे. पण नको आहे, हे तिने म्हणायला हवं, भावाने नव्हे. ‘आई, तुझ्या दुखण्याबद्दल डॉक्टर सांगतील ते तू ऐकणार की आम्ही ऐकू?’ एवढंच विचारून बघा. भाऊ बाहेर गेलेला असताना विचारलंत तर बरं. आणि पाटल्यांचं तिने जे सांगितलं ते मनावर घ्या. ‘काहीतरीच काय बोलतेस’ म्हणू नका.

तुम्ही समाजशास्त्रवाले एसीत बसून डॉक्टरांच्या चुका मोजता. आम्ही रेसिडेंट सलग ३०-३२ तास काम करतो, वर नातेवाइकांचा मार खातो. रुग्णाशी दोन मिनिटं जास्त बोलायला वेळ कुठून आणायचा?
— निवासी डॉक्टर, पश्चिम महाराष्ट्र

एसी फक्त अधिष्ठात्यांच्या खोलीत असतो, तिथे मला बसवत नाहीत. बाकी तुमचा राग रास्त आहे, आणि वेळेचा मुद्दा तर आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. २०१७ साली ६७ देशांतल्या अभ्यासांचा आढावा निघाला. प्राथमिक उपचारात डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, भारतात सुमारे दोन, बांगलादेशात ४८ सेकंद. दोन मिनिटांत सहानुभूती बसत नाही, हे आम्ही तुमच्या बाजूने सांगत आलो आहोत. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. तरी मार बंद झालेला नाही, कारण कॅज्युअल्टीत व्हेंटिलेटर नाही हे सांगायला तिथे तुम्हीच उभे असता. व्हेंटिलेटरची फाइल अडवणारा तिथे नसतो.

तुमच्यासारख्यांचाही अभ्यास झालेला आहे. हॉवर्ड बेकर आणि सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात, वर्गात, कॅन्टीनमध्ये राहून १९६१ साली पुस्तक लिहिलं. मुलं ध्येयवादी येतात आणि कोडगी होऊन बाहेर पडतात, ही तक्रार त्यांनी तपासली. त्यांना दिसलं ते असं: कोडगेपणा हा परीक्षा आणि कामाचा डोंगर पार करण्याचा उपाय असतो, आणि शिक्षण संपत येतं तसा ध्येयवाद पुन्हा वर येतो. तुम्हाला याने बरं वाटावं.

पण तुमच्या पत्राच्या न छापलेल्या भागात एक वाक्य होतं, ‘समजावून सांगितलं तरी या लोकांना कळत नाही.’ ते मला मान्य नाही. तुमच्याच वॉर्डात मधुमेहाची बाई चार प्रकारच्या गोळ्या रंगावरून ओळखून, नातवाच्या शाळेच्या घंटेवर वेळ धरून घेते. तिला कळतं. इंग्रजीत लिहिलेला डिस्चार्ज कार्ड कळत नाही, आणि तो मलाही बऱ्याचदा तुमच्या अक्षरामुळे कळत नाही.

एम.ए. (समाजशास्त्र) झालं आहे. या क्षेत्रात यायचं आहे. नोकरी मिळते का?
— विद्यार्थिनी, नांदेड

कायमची क्वचितच. बहुतेक काम प्रकल्पावर, करारावर असतं. पुढे शिकायचं तर मुंबईचं टाटा समाजविज्ञान संस्थान, दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यक केंद्र आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र बघ. महाराष्ट्रात काम करून शिकायचं तर मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘साथी’ या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांचे अहवाल वाच आणि त्यांना पत्र टाक. संख्याशास्त्राला घाबरू नकोस. एक बोली नीट शीक, अहिराणी, पावरी, गोंडी, कुठलीही. दुभाष्यामार्फत बाळंतपणाबद्दल विचारता येत नाही. रुग्णालयात पाय ठेवण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते, त्यात महिने जातात, तेवढे पैसे जवळ ठेव. आणि मंजुरी मिळाली की थेट अधिष्ठात्यांकडे प्रश्नावली नेऊ नकोस. आधी केसपेपरच्या खिडकीवरच्या क्लार्कशी ओळख कर. रांगेतून कोण न तपासता परत जातं, हे त्याच्याइतकं त्या इमारतीत कोणालाच माहीत नसतं.